पाणी उष्ण, डाळ कच्ची

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. सोलापूर स्थानकाबाहेर हवेचे तापमान १९.४ अंश सेल्सिअस. ही नोंद कोणी मागितलेली नव्हती. काळजीत असले की मी काहीतरी मोजते, एवढेच तिचे कारण.

काळजीचे मूळ एका वाक्यात होते. पंढरपूर तालुक्यात, करकंबच्या अलीकडे मुरमाड माळावर गव्हाणे वस्ती आहे. तिथून आमच्या पुण्याच्या संस्थेत निरोप आला होता: ‘हापशाचं पानी उष्ण झालंय.’ हापसा म्हणजे हातपंप. वस्तीचे पिण्याचे पाणी त्या एकाच ठिकाणी मिळते. आणि त्याच वस्तीवर, हापशापासून हाकेच्या अंतरावर, आमचे भूऔष्णिक शीतगृह गेले वर्षभर चालू आहे.

भूऔष्णिक ऊर्जा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वाफेचे फवारे येतात. सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात तसे काही नाही. इथे उपयोग आहे तो जमिनीच्या स्थिर स्वभावाचा. वर फेब्रुवारी असो वा मे, खोल खडकाचे तापमान जवळजवळ एकच राहते. शीतगृहातून बाहेर काढलेली उष्णता तापलेल्या हवेत फेकण्याऐवजी खोल बोअरच्या पाण्याला दिली, तर यंत्राला वीज बरीच कमी लागते. एका बोअरमधून पाणी वर येते, यंत्राची उष्णता घेते आणि दुसऱ्या बोअरमधून तेवढ्याच खोलीवर परत जाते. जिथून घेतले, तिथेच दिले. म्हणून पाण्यात बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तापमान. हापशाच्या पाण्यावर त्याचा परिणाम अर्ध्या अंशाहून कमी होईल, असे गणित प्रकल्पाच्या आराखड्यात मांडलेले आहे. ते गणित माझे आहे.

आणखी सहा गावांत अशी शीतगृहे उभारण्याचा प्रस्ताव तयार होता आणि त्याच्या प्रमुखपदासाठी माझे नाव सुचवले गेले होते. पाणी खरोखर तापले असेल, तर ही सहा गावे गेलीच. शिवाय वस्तीवरच्या बायकांची चालती खोली ऐन द्राक्षांच्या हंगामात बंद करावी लागणार होती. तापमापक एका ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा म्हणून मी आधी सोलापूर गाठले होते. तो अचूक निघाला. वस्तीवर आकडा वाढलेला दिसलाच, तर दोष मापकावर ढकलायची सोय सोलापुरातच संपली.

करकंब, मंगळवार दुपार

मोडनिंबला एस.टी.ने महामार्ग सोडला आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला. माझे गाव कोकणातले. तिथे हिरवळ अंगावर येते, मागायची गरज नसते. इथे मात्र उसाचा फड संपतो तिथे रेघ मारल्यासारखा माळ सुरू होतो. पाणी कुठवर पोचले ते रंगावरून सांगता येते. आमच्याकडे गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. लहानपणी आम्ही त्यात तांदळाची पुरचुंडी बुडवून भात शिजवण्याचा खेळ खेळायचो. जमिनीतल्या उष्णतेचे वेड मला तिथूनच लागले. त्यामुळे ‘पाणी उष्ण’ हे शब्द वाचताच माझ्या मनात वाफ उभी राहिली होती.

करकंबच्या थांब्यावर मला घ्यायला शालनताई गव्हाणे स्कूटीवरून आल्या. बचत गटाच्या नऊ बायका शीतगृह चालवतात. शालनताई त्यांच्या अध्यक्ष. वय पंचेचाळिशीच्या आसपास, डोक्यावरचा पदर वाऱ्याला न जुमानणारा. मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात शीतगृहाची किल्ली.

“बसा म्याडम. मागचे क्रेट पाठीनं दाबून धरा, न्हायतर दोगीबी रस्त्यावर.”

“पाण्याचे काय झाले आहे, ताई?”

“आदी जेवा तर खरं. पानी कुटं पळून जातंय?”

त्या हसल्या. मला हसता आले नाही.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी होती. आमच्याकडे तांदळाची भाकरी मऊ नसली तर करणारणीला बोल लागतो. इथली ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. पाण्याचा तांब्या भरताना शालनताईंनी कोपऱ्यातल्या निळ्या जारचा नळ सोडला. करकंबहून विकत आणलेले, गाळलेले पाणी. मी हापशाचे चालेल म्हटले, तर त्यांनी मानेनेच नकार दिला. “पावन्यास्नी हापशाचं देत असत्यात व्हय?” पाहुणचाराला नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटले. त्या पाहुणचाराने माझी एक साधी परीक्षा हुकली: मी वस्तीच्या साध्या पाण्याचा घोटही न घेता दोन दिवस तिथे राहिले.

जेवणानंतर वाटीभर भिजवलेला सब्जा पुढे आला. शेजारच्या घरी गेले, तिथे धने-जिऱ्याचे पाणी. तिसऱ्या घरी पुन्हा सब्जा. उन्हाळ्याच्या तोंडावरची ही इथली रीत असावी, असे मी समजले.

गव्हाणे वस्ती, बुधवार

शिवजयंती होती. करकंबकडून ध्वनिक्षेपकाचा आवाज माळावर लाटांसारखा येत-जात होता आणि तरुण मंडळी भगवे फेटे बांधून तिकडे गेली होती. मला शांतता हवी होती; ती मिळाली.

आधी शीतगृह पाहिले. बाहेरून ते एखाद्या रेशन दुकानासारखे, आत मात्र द्राक्षांच्या क्रेटच्या रांगा आणि श्वास पांढरा दिसेल अशी थंडी. वस्ती त्याला ‘थंड खोली’ म्हणते. या खोलीने काय बदलले, ते शालनताईंनी थोडक्यात सांगितले. पूर्वी व्यापारी मुद्दाम दुपार टळल्यावर यायचा. सकाळी तोडलेला माल तोवर मऊ पडलेला असायचा, आणि मग तो म्हणेल तो भाव.

“आता मी म्हनते, आज न्हाय, परवा या. पयल्यांदा म्हनले तवा त्याच्या तोंडाकडं बगाया पायजे हुतं! माझी सासू मेली तवाबी त्यो एवडा गप्प नव्हता.”

गटातल्या बायका क्रेट भरता भरता हसल्या. पुरुषांनीही टोमणे मारून पाहिले होते: ‘शालनची खोली थंड आन् डोस्कं गरम.’ पण तेच पुरुष लग्नाचे श्रीखंड ठेवायला किल्ली मागत येतात. मी हे सारे टिपून घेतले. सामाजिक परिणाम: स्पष्ट, अनुकूल. यंत्राजवळचा, परतीच्या पाण्याचा चौकोनी हौदही पाहिला. झाकण बंद होते. आराखड्याप्रमाणे त्याखालून नळ दुसऱ्या बोअरकडे जातो. मी झाकण उघडले नाही.

मग मी हापशावर पोचले. दांडा मारायला बिरूआबा पुढे आले. वस्तीच्या खालच्या अंगाला मेंढरे बसवायचा त्यांचा वाडगा आहे. मेंढरे आणि थोडी कोरडवाहू जमीन. सत्तरीचे असावेत, पण दांडा माझ्यापेक्षा जोरात चालवतात. नळात साचलेले पाणी वाहून जाऊ दिले, मग मापकाची कांडी धारेत धरली.

२७.३ अंश. प्रकल्पापूर्वीची नोंद होती २७.१.

पुन्हा मोजले. तेच. गणित खरे ठरले होते. संस्थेच्या संचालकांना तिथूनच संदेश पाठवला. उत्तर आले, ‘उत्तम. मसुदा पाठव.’ मग जमलेल्या बायकांना मी सांगितले की काळजीचे कारण नाही, पाणी उष्ण झालेले नाही.

एकीने मापकात डोकावून पाहिले. मग कमल नावाची एक तरुण सून म्हणाली, “मशीन म्हनतंय, न्हाय झालं?”

“नाही झालं.”

“मग आमीच येड्या की!”

हशा पिकला. मीही हसले. पण वस्तीतल्या एवढ्या बायकांनी मिळून एकाच गोष्टीचा भास करून घ्यावा, हे मला पटत नव्हते. आणि आकडा न पटण्याचे काही कारणही सापडत नव्हते.

परतताना बिरूआबांनी जुनी विहीर दाखवली. उंचवट्यावरची, दगडी बांधणीची, आणि फेब्रुवारीतही निम्मी भरलेली. या माळावर मला याचे आश्चर्य वाटले. आबांनी अभिमानाने सांगितले, “आमी पानी जिरवलंय की.” बांधबंदिस्ती झाली असेल, असे मी धरून चालले. विहिरीच्या पाण्याने भरलेल्या शेजारच्या दगडी डोणीवर मेंढरांची झुंबड उडाली होती.

“पिऊन झालं तरी डोण सोडत न्हाईत बगा. लई गोडी लागलीया पान्याची.”

मी लिहिले: जनावरे पाणी आवडीने पितात. अनुकूल लक्षण.

गुरुवार

मसुदा जवळजवळ पूर्ण झाला होता आणि निघण्यापूर्वी कमलने जेवायला बोलावले. तिचा सातवा महिना चालू होता. पाय सुजलेले, चप्पल अर्धीच घातलेली. करकंबच्या दवाखान्यात रक्तदाब वाढल्याचे सांगून मीठ बंद केले होते.

“समद्यांची डाळ अळणी केली मी,” ती म्हणाली. “वरनं ज्येनं त्येनं मीठ घ्यावं. माझ्या एकटीसाटी येगळं भांडं कोन चडवतंय?”

शालनताई चुलीपुढे बसून डाळ घोटत होत्या. रवी भांड्याच्या तळाशी टक् टक् वाजत होती. सकाळपासून शिजत असूनही तुरीचे दाणे अख्खेच होते.

कमल माझ्याकडे पाहून म्हणाली, “बगा ताई, आमच्या पान्याची तऱ्हा. एवडं उष्ण, तरी डाळ काय शिजंना!”

बायका पुन्हा खळखळून हसल्या. मी वाटी खाली ठेवली.

“उष्ण म्हणजे काय गं, कमल?”

“उष्ण म्हंजे उष्ण.” तिला प्रश्नच विचित्र वाटला. “बाजरी उष्ण असती, गूळ उष्ण असतो, तसं. तोंड येतंय, लगवीला आग हुती. म्हनून तर समद्या सब्जा गिळतोय की.”

मी कोकणात वाढले आहे. फणस उष्ण, कोकम थंड, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. माझी आईसुद्धा हा शब्द रोज वापरते. पण संस्थेच्या कागदावर, माझ्या विषयाच्या शेजारी तो आला आणि मी त्याचा एकच अर्थ वाचला. त्यांनी अंगाला बाधणारे पाणी म्हटले. मी तापलेले पाणी ऐकले. ज्या प्रकल्पात जमिनीत उष्णता सोडली जाते, त्याच्याजवळ हा गैरसमज होणे स्वाभाविक होते, असे मला आजही वाटते. पण कमलच्या सुजलेल्या पायांकडे पाहताना ‘स्वाभाविक’ या शब्दाचा काही उपयोग नव्हता.

डाळ शिजत नाही, म्हणजे पाणी जड आहे, क्षार जास्त असलेले. मी अळणी डाळीचा घास घेतला. ती पुरती अळणी नव्हती.

माझ्या मापकाला दोन बटणे आहेत. एक तापमानाचे. दुसरे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे. जारवाले ज्याला टीडीएस म्हणतात, तेच. जिथून घेतले तिथेच द्यायचे असल्याने क्षार बदलण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून तपासणीच्या यादीत ते कधी आलेच नव्हते. कमलच्या घागरीत कांडी बुडवून मी दुसरे बटण दाबले.

प्रकल्पापूर्वी या हापशात एका लिटरमागे ४३० मिलिग्रॅम क्षार होते. पडद्यावर आकडा आला १,१८०.

मनातल्या मनात गुणाकार झाला. दिवसाला तीन लिटर पाणी म्हणजे साडेतीन ग्रॅम क्षार. ते सारे मीठच असते असे नाही, पण दवाखान्याने ताटातून काढलेले मीठ काही प्रमाणात घागरीतून परत येत होते. ही घागर कमल स्वतःच्या डोक्यावरून आणत होती.

“आजपासून तू जारचे पाणी पी. स्वयंपाकालाही तेच,” मी म्हटले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“मशीन आता काय म्हनतंय?” शालनताईंनी विचारले. रवी थांबली होती.

“मशीन म्हणते, तुम्ही वेड्या नाही.”

त्यानंतर मी धावलेच. विहिरीचे पाणी: १,९६०. शीतगृहाच्या खोल बोअरचे पाणी: २,१५०. खोल खडकात वर्षानुवर्षे मुरलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते खालीच राहिले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण वरच्या जुन्या विहिरीत ते आले कसे? मी परतीच्या हौदाचे झाकण उघडले. दुसऱ्या बोअरकडे जाणारा वॉल्व्ह घट्ट बंद होता. शेजारी नवा काळा नळ जोडलेला, बांधाच्या कडेने मातीखालून थेट विहिरीकडे गेलेला.

शालनताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी काहीही लपवले नाही.

“गेल्या उन्हाळ्यात आमीच जोडला. इंजिनेर म्हनला हुता, पानी परत खाली सोडा. पर बाई, चारशे फुटांवरनं वर आनलेलं पानी पुन्यांदा चारशे फूट खाली ढकलायचं? हितं घागरीपायी जल्म गेला आमचा. वर आलेलं पानी खाली सोडाया माझा हातच झाला न्हाय.”

“मला कोणी सांगितले का नाही?”

“सांगितलं की. आबा म्हनले न्हवं, आमी पानी जिरवलंय?”

सांगितले होते, हे खरेच. नळ जोडला त्या दिवशी विहिरीची खणा-नारळाने ओटी भरली होती. जिथे पाणी वाया घालवणे हे पाप आहे, तिथे या लोकांनी पुण्यच केले होते. आराखडा करताना मी खडकाची पारगम्यता मोजली, प्रवाहाचा वेग मोजला. पण वर आलेले पाणी पुन्हा जमिनीत गाडा असे दुष्काळी माळावरच्या बाईला सांगितल्यावर ती काय करील, याचा विचार त्यात कुठेच नव्हता. विहीर उंचावर, हापसा उतारावर. खारे पाणी मुरत मुरत कुठे जाणार, ते समजायला शास्त्राची पदवी लागत नाही.

शुक्रवार

मला वाटले होते, आकडे सांगितले की प्रश्न सुटेल. सुटला नाही. नळ परत बोअरकडे वळवायचा म्हणजे विहीर आटणार, आणि ही गोष्ट बिरूआबांना मान्य नव्हती.

“तुमी चार दिस राहून जानार. माझी मेंढरं कुटं जानार? माप आनलंय, मेंढरं पित्यात त्ये दिसत न्हाय मापात?”

“आबा, मेंढरांना मीठ चारता का तुम्ही?”

“चारतो की, पावसाळ्यात. औंदा मागितलंच न्हाय त्यास्नी.”

बोलून झाल्यावर ते स्वतःच थांबले. डोणीवरच्या झुंबडीकडे त्यांनी एकवार पाहिले, पण माघार घेतली नाही. “मेंढराला चालतंय त्ये मान्साला का चालू ने?”

मग मी प्रयोगशाळेत करते तेच केले. सारख्या आकाराची दोन पातेली, एकाच डब्यातली मापून घेतलेली डाळ, शेजारी शेजारी दोन चुली. एका पातेल्यात जारचे पाणी, दुसऱ्यात हापशाचे. खरे म्हणजे हवी होती दोन्हींसाठी एकसारखी आच. तिची जबाबदारी शालनताईंनी घेतली आणि इकडची काटकी तिकडे होऊ दिली नाही. वस्ती भोवती जमली. कोणीतरी म्हणाले, मुंबईला घोडे पळवत्यात, आमच्याकडं डाळ पळतीया.

मी मात्र अस्वस्थ होते. दोन्ही डाळी एकदमच शिजल्या तर? माझ्या आकड्यांवरचा इथला उरलासुरला विश्वासही जाणार होता, आणि कमल पुन्हा हापशावर जाणार होती. असा जाहीर प्रयोग मी आयुष्यात केला नव्हता. संस्थेत निदान चुका दाराआड होतात.

शालनताईंनी आधी जारच्या पातेल्यात पळी घातली. डाळ पिठासारखी विरघळली. मग दुसऱ्या पातेल्यातले चार दाणे काढून त्यांनी बिरूआबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी बोटाने दाबून पाहिले. दाणा घसरला, फुटला नाही.

“मेंढराला दात हायत,” आबा म्हणाले, “पोटातल्या लेकराला न्हाईत.” आणि कमलकडे न बघता वाडग्याकडे चालू लागले. इथला सासरा सुनेशी थेट बोलत नाही. कमल त्यांच्या चुलतभावाची सून. पण बोललेले तिला पोचले होते.

शनिवार

वॉल्व्ह शालनताईंनी स्वतः फिरवला. काळा नळ सोडवला. पण गेल्या उन्हाळ्यापासून न वापरलेल्या परतीच्या बोअरमध्ये गाळ बसला होता. तो जेमतेम निम्मेच पाणी घेऊ लागला. म्हणजे यंत्र निम्म्या जोरावर चालवायचे, आणि तेवढ्यावर भरलेली खोली थंड राहणार नव्हती.

शालनताईंनी क्रेटच्या रांगा मोजल्या. मग गटाच्या बायकांकडे पाहून त्यांनी फोन लावला. व्यापाऱ्याला.

“या दुपारी. व्हय, आजच. समदा माल.” पलीकडून काहीतरी बोलणे झाले. “हसा, हसा. आज तुमचा दिस हाय.”

तो दुपार टळल्यावरच आला. क्रेट टेम्पोत चढत असताना शालनताई किल्ली बोटाभोवती गुंडाळत आणि सोडवत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, “म्याडम, खोली बंद करा म्हनून ल्ह्याल काय?”

“बोअर साफ होईपर्यंत निम्मी चालवा, असे लिहीन. आणि नळ का वळवला गेला, तेही लिहीन.”

“आमचं नाव घालून?”

“माझ्या आराखड्यात काय राहिले, ते आधी लिहीन.”

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते कळले नाही.

तो अहवाल मी परतल्यावर सादर केला. सहा गावांचा प्रस्ताव तूर्त थांबला आहे. प्रत्येक ठिकाणी क्षारांची तपासणी आणि परतीचे पाणी कोणाच्या डोळ्यांदेखत कुठे जाईल, हे ठरवल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे मी लिहिले. आणि ते लिहिताना प्रमुखपद हातचे जाईल याची मला पूर्ण कल्पना होती. मला ते पद अजूनही हवे आहे. बोअर साफ करणारे यंत्र वस्तीवर केव्हा पोचेल, याचे नक्की उत्तर मात्र संस्थेत कोणी दिलेले नाही, आणि द्राक्षांचा हंगाम कोणासाठी थांबत नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

निघण्याच्या सकाळी सगळ्या बायका हापशावर जमल्या होत्या. रविवारी विहिरीतले खारे पाणी मोटारीने उपसून ओढ्याच्या पलीकडे सोडले होते. सोडताना एकीने डोळ्याला पदर लावला. सर्वांनी आपापल्या परीने प्रायश्चित्त घेतले होते आणि आता त्याचे फळ त्यांना माझ्या कांडीच्या टोकावर पाहायचे होते. खडकात शिरलेले क्षार हळूहळू येतच राहतील, गुरुवारचा १,१८० हा आकडा उतरण्याआधी चढेलसुद्धा, हे मी तीन वेळा समजावले होते. तिसऱ्या वेळी लक्षात आले, मी ते स्वतःलाच समजावत होते.

कमल जारचे पाणी पीत होती. जार किती दिवस पुरवायचे, यावर गटात आदल्या दिवशीच एक भांडण होऊन गेले होते. ती घागर न घेता आली होती, रिकाम्या हातांनी, आणि त्यामुळे तिला कुठे उभे राहावे ते सुचत नव्हते.

बिरूआबांनी दांडा धरला. “किती हापसू?”

“नळातले जुने पाणी जाईपर्यंत.”

त्यांनी वाजवीपेक्षा जास्तच हापसले. स्वच्छ, काचेसारखी धार. दिसायला तिच्यात काहीही वावगे नव्हते. मी कांडी धारेत धरली आणि पडद्यावरचे अंक स्थिर होण्याची वाट पाहिली.

“उतरलं का, ताई?” कमलने विचारले.

मी पडदा कमलकडे वळवला. तिने डोळे बारीक करून एकेक अंक मोठ्याने वाचला, आणि मी लिहून घेतला.

१,२१०.